लायनरची बाहेरची बाजू

अवजड ट्रकच्या डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जी उष्णता निघते, तिच्यापैकी ढोबळमानाने ४० टक्के कामी येते, बराच मोठा भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या द्रवाला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. ही वाहतूक साधे पाणी उत्तम करते; त्यात निम्मे ग्लायकॉल मिसळले, तर मिश्रणाची उष्णता धरण्याची क्षमता वजनागणिक सुमारे पाचव्या हिश्शाने कमीच होते. तरीही नुसते पाणी अशा इंजिनात चालत नाही, कारण कूलंटकडे धातू राखण्याचे दुसरे काम सोपवलेले असते आणि ते करताना त्यातील रसायने खर्ची पडत जातात. टाकीतील पातळी या खर्चाबद्दल काहीच सांगत नाही. टाकी खुणेपर्यंत भरलेली, कूलंट हिरवेगार आणि तापमानाचा काटा जागेवर असतानाही लायनर बाहेरून पोखरले जात असू शकतात, आणि अवजड इंजिनावर कूलंटसाठी वेगळा फिल्टर बसवण्याची पद्धत मुख्यतः याच धोक्यामुळे रूढ झाली.

लायनर म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो ते ओतीव लोखंडाचे, झिजल्यावर बदलता येणारे नळकांडे. ते ब्लॉकमध्ये घट्ट बसलेले असून कूलंटशी त्याचा थेट संबंध येत नसेल तर त्याला कोरडा लायनर म्हणतात, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला कूलंट प्रत्यक्ष भिडत असेल तर ओला. कमिन्सचे ८५५ घनइंचाचे, म्हणजे १४ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन हे ओल्या लायनरचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकांवर ते कित्येक वर्षे चालले आणि भारतात ते ट्रकपेक्षा बुलडोझर व जनरेटर यांवर अधिक दिसले. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर आणि कमिन्स यांचा संयुक्त कारखाना निघाल्यापासून या घराण्यातील इंजिने महाराष्ट्रातील फिटरांच्या चांगल्या परिचयाची आहेत. ओल्या लायनरमध्ये उष्णता झटपट निघते आणि इंजिन खोलल्यावर लायनर बदलणे सोपे जाते. मात्र एका बाजूला ज्वलन, दुसऱ्या बाजूला कूलंट आणि मध्ये काही मिलिमीटर लोखंड, एवढाच आडोसा उरतो.

हा आडोसा स्थिर नसतो. इंधन पेटल्यावर पिस्टन खाली रेटला जातो, पण कनेक्टिंग रॉड त्या वेळी तिरका असल्यामुळे रेट्याचा काही अंश आडवा वळतो आणि पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आपटतो. या आपटण्याने लायनर घंटेसारखा थरथरतो. थरथरताना त्याचे बाहेरचे अंग कूलंटपासून क्षणभर मागे सरते तेव्हा तिथला दाब इतका घसरतो, की द्रवाची वाफ होऊन सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढच्याच क्षणी अंग पुन्हा पुढे येते आणि ते बुडबुडे पिचतात. पिचताना भिंतीलगतचा बुडबुडा सर्व बाजूंनी सारखा मिटत नाही, तर त्यातून द्रवाची बारीक पिचकारी थेट धातूच्या रोखाने सुटते. अभियंते या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात. त्याची पहिली ठसठशीत ओळख इंजिनांतून नव्हे, जहाजांतून झाली. चार्ल्स पार्सन्स यांची टर्बिनिया ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका १८९४ मध्ये पाण्यात उतरली, पण अपेक्षित वेग तिला गाठता येईना, कारण फार वेगाने फिरणाऱ्या पंख्याभोवती पोकळ्या तयार होऊन पंखा जणू वाफेतच फिरत होता. अशी पोकळी मिटताना तिच्या केंद्राजवळ किती प्रचंड दाब निर्माण होऊ शकतो, याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडले. डिझेल लायनरमध्ये तीच घटना पंख्याऐवजी थरथरत्या भिंतीमुळे घडते.

इंजिन खोलून लायनर उपसून काढला, की या झिजेची खूण ओळखायला फारसा अनुभव लागत नाही. गंज सगळीकडे पसरतो. ही भोके मात्र क्रँकशाफ्टच्या आडव्या दिशेला, पिस्टन जिथे आपटतो त्याच बाजूला, उभ्या पट्ट्यात एकाखाली एक सापडतात. तोंडाशी ती टाचणीच्या डोक्याएवढी असतात, कडा स्वच्छ असतात आणि आत घातलेली तार अनपेक्षितपणे खोल जाते. एखादे भोक आरपार गेले, की कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइल चेंबरमध्ये उतरू लागतो. आधी टाकीतील पातळी कारणाशिवाय घटते, मग ऑइल दुधाळ होते आणि अखेरीस बेअरिंगे जातात. वेगळे लायनर नसलेली इंजिनेही यातून सुटत नाहीत. सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेला असेल, तर भोक पडल्यावर लायनरऐवजी ब्लॉकच निकामी होतो किंवा पोखरलेला सिलिंडर मोठा कोरून त्यात स्लीव्ह ठोकावी लागते.

बुडबुडे पूर्णपणे थांबवणे शक्य नसल्यामुळे रसायनशास्त्राने दुसरी वाट धरली. कूलंटमध्ये नायट्राइट हा क्षार मिसळला, की तो लोखंडाच्या पृष्ठभागावर लोहऑक्साइडचा अतिशय पातळ, चिवट थर धरवतो. पिचणाऱ्या बुडबुड्याचा मार या थराला बसतो, थर तिथे उडतो आणि द्रवात शिल्लक असलेले नायट्राइट तो लगेच पुन्हा बांधते. प्रत्येक दुरुस्तीला थोडे नायट्राइट लागते, आणि शिवाय कूलंटमध्ये मिसळणाऱ्या हवेमुळेही त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर होऊन ते वाया जाते. नायट्राइट पूर्ण संपण्याआधीच, म्हणजे ते अपुरे पडू लागताच, खरी अडचण सुरू होते: पृष्ठभागाचा बहुतेक भाग थराखाली झाकलेला आणि थोडे ठिपके उघडे अशी अवस्था येते, आणि गंजण्याची सगळी क्रिया त्या ठिपक्यांवर एकवटून तिथे खोल खड्डे पडतात. अशा रसायनांच्या बाबतीत अपुरा डोस धोक्याचा असतो हे गंजशास्त्रात जुने, मान्य तत्त्व आहे. गॅरेजमध्ये मात्र ‘थोडे का होईना, टाकले आहे’ या समाधानावर काम भागवले जाते.

खर्च होणारे हे रसायन पुन्हा घालण्यासाठी जे पूरक मिश्रण वापरतात, त्यात नायट्राइटबरोबर मॉलिब्डेट, लोखंडासाठी फॉस्फेट किंवा बोरेट, ॲल्युमिनियमसाठी सिलिकेट, तांबे-पितळेसाठी खास संयुगे आणि क्षार चिकटू न देणारे घटक असतात. ते बाटलीतून ओतता येते, पण ट्रकचालकाने ते वेळेवर आणि मोजून ओतावे ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. म्हणून फिल्टरच्या डब्यातच रसायनाची वडी भरून देण्याची युक्ती निघाली: ऑइल फिल्टरसारखा आटे असलेला डबा ठरलेल्या मुदतीला बदलला, की डोस आपोआप पडतो. कमिन्सच्या जुन्या पुस्तिकांत या भागाचे नावच ‘करोजन रेझिस्टर’ असे होते, म्हणजे गाळण्याचे काम नावातही दुय्यम धरले होते.

रचनेने हा फिल्टर मुख्य प्रवाहात नसतो. वॉटर पंपाच्या दाबाच्या बाजूकडून एक बारीक नळी त्याच्याकडे येते, दुसरी पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जाते आणि एकूण प्रवाहाचा थोडासाच अंश त्यातून फिरतो. त्यामुळे फिल्टर पूर्ण तुंबला तरी इंजिन तापत नाही, आणि त्याच कारणाने तो तुंबलेला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गाळण्याचा उपयोग अगदीच नगण्य मात्र नाही. नव्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ओतकामाची वाळू चिकटून राहिलेली असते, जुन्यात गंजाची पूड आणि क्षारांचे कपचे सुटतात, आणि हे कण वॉटर पंपाच्या सीलवर घासून तिला ओरखडे पाडतात किंवा ऑइल कूलरच्या बारीक वाटांत अडकतात. डिझेल पिकअप गाड्यांच्या मालकांनी बाजारातून कूलंट फिल्टर आणून जोडल्याची जी उदाहरणे अमेरिकेत आढळतात, त्यांत हेतू बहुधा ही वाळू पकडण्याचाच असतो. काढलेला फिल्टर फेकण्याआधी कापून पाहिला, तर आतल्या कागदावर बरेच काही वाचता येते: तांबूस चिखल गंजाचा, पांढरट खडबडीत कण पाण्यातील क्षारांचा, हिरवट जेलीसारखा लगदा अतिरिक्त रसायनाचा, आणि तेलकट काळसर लेप असेल तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटकडे पाहणे भाग असते.

फिल्टर बदलणे हे पाच मिनिटांचे काम असले, तरी ते इंजिन निवल्यावरच करायचे असते, कारण गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असतो आणि कॅप उघडताच तो उकळून उसळतो. आधी कॅप सावकाश ढिली करून दाब सोडतात, मग फिल्टरच्या माथ्यावर दोन्ही नळ्यांचे कॉक असतील तर ते बंद करतात, डबा पट्ट्याच्या पान्याने सोडवतात आणि जुने रबरी वायसर माथ्याला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने तपासतात. नव्या डब्याच्या वायसरला थोडे इंजिन ऑइल लावून डबा हाताने फिरवतात आणि वायसर टेकल्यावर अर्धा ते पाऊण फेरा आवळतात. पान्याने ताणून आवळलेला डबा पुढच्या वेळी निघत नाही. शेवटी कॉक पुन्हा उघडायचे असतात. ही पायरी विसरली तर फिल्टर नवा, नोंदवहीत तारीखही पडलेली, आणि डब्यातील रसायन मात्र डब्यातच राहते. चुकीचा फिल्टर बसवण्यापेक्षाही ही चूक शोधायला कठीण, कारण बाहेरून सगळे नीटनेटके दिसते.

रसायन किती घालायचे याचे मोजमाप अमेरिकेत ‘युनिट’मध्ये रूढ झाले. एका अमेरिकी गॅलनला, म्हणजे ३.७८५ लिटरला, सुरुवातीस सुमारे १.५ युनिट ठेवायचे, ते १.२ च्या खाली जाऊ द्यायचे नाही आणि ३ च्या वर चढू द्यायचे नाही, असा कमिन्सच्या पद्धतीचा सारांश सांगता येतो. १५ गॅलन, म्हणजे साधारण ५७ लिटर कूलंट मावणाऱ्या ट्रकला यानुसार प्रथम साडेबावीस युनिट लागतात आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसला थोड्या युनिटांचा फिल्टर पुरतो; म्हणूनच दिसायला एकसारख्या डब्यांत दोन, चार, आठ, पंधरा असे वेगवेगळे भार मिळतात आणि रसायन मुळीच नसलेला कोरा डबाही मिळतो. आता याच ट्रकचा होज पाइप गळून चौथा हिस्सा कूलंट रस्त्यावर सांडला आणि चालकाने तो साध्या पाण्याने भरून काढला, तर ५० टक्के ग्लायकॉल ३७.५ टक्क्यांवर येते आणि १.५ युनिटांचे १.१ च्या आसपास उरतात. लायनर असुरक्षित होण्यासाठी असा एकच ‘टॉप-अप’ पुरेसा असतो.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास घडते. दर सर्व्हिसला भरलेला फिल्टर, वर बाटलीभर रसायन, आणि टॉप-अपला घट्ट, न पातळ केलेले अँटिफ्रीझ अशी सढळ हाताने काळजी घेतली, की विरघळण्याची मर्यादा ओलांडली जाते. सिलिकेट जेली होऊन रेडिएटरच्या नळ्यांत साचते, जुन्या तांबे-पितळेच्या रेडिएटरच्या झाळणीवर पांढरा फुलोरा चढतो आणि क्षारांचे खडे वॉटर पंपाची सील खातात. शिवाय शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, तर निम्म्या पाण्याबरोबर ते उणे ३७ पर्यंत तग धरते, त्यामुळे ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा समज गोठण्याच्या बाबतीतही खोटा आहे. मोजणीत ३ युनिटांपेक्षा जास्त आढळले, तर करायचे एवढेच असते की रसायन थांबवून कोरा फिल्टर लावायचा आणि पातळी खाली येईपर्यंत दर सर्व्हिसला तपासत राहायचे.

तपासणीसाठी कागदी पट्टी मिळते. तिच्यावर तीन चौकोन असतात, एक ग्लायकॉलचा, एक मॉलिब्डेटचा आणि एक नायट्राइटचा. नमुना रेडिएटरच्या खालच्या तोटीतून किंवा नमुन्याच्या कॉकमधून घेतात, ओव्हरफ्लो बाटलीतून घेत नाहीत, कारण तिथला द्रव इंजिनात नीट फिरलेला नसतो. नमुना निवला, की पट्टी क्षणभर बुडवून झटकायची आणि पाऊण मिनिटाने बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. सव्वा मिनिट उलटले की रंग पुढे सरकतात आणि वाचन फसवे होते. मुदत संपलेल्या किंवा उघड्या राहिलेल्या बाटलीतील पट्ट्या दमट हवेत आधीच रंग धरतात, आणि कोकणातील पावसाळ्यात हा प्रकार सहज घडू शकतो. ग्लायकॉलचे प्रमाण याहून नेमके हवे असल्यास रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, ज्याच्या काचेवर एक थेंब पुरतो. महाराष्ट्रात कूलंट गोठण्याची भीती नाही, हे खरे. पण येथून लेहकडे माल नेणारा ट्रक हिवाळ्यात उणे २० अंशांत उभा राहू शकतो, आणि इथल्या इथे चालणाऱ्या ट्रकलाही ग्लायकॉलमुळे वाढणारा उत्कलनबिंदू घाटात उपयोगी पडतो.

कूलंटचा निम्मा भाग पाणी असतो आणि बहुतेक दुखणी त्याच निम्म्यातून येतात. उत्पादकांच्या कसोट्या बऱ्याच कडक आहेत: कॅटरपिलरच्या मार्गदर्शनानुसार पाण्यातील क्लोराइड लिटरमागे ४० मिलिग्रॅम, सल्फेट १०० आणि एकूण कठीणपणा १७० च्या आत असावा लागतो. दख्खनच्या बसाल्टमधील बोअरवेलचे पाणी ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी ओलांडते, आणि ढाब्यावर बादलीने भरले जाणारे पाणी बहुधा तेच असते. त्यातील कॅल्शियम सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे नेमके लायनरच्या वरच्या भागावर आणि हेडमध्ये, पांढरा थर धरते. ओतीव लोखंडाच्या तुलनेत हा थर उष्णता कित्येक पटींनी कमी वाहतो, त्यामुळे दीड मिलिमीटरचा लेप कित्येक सेंटिमीटर लोखंडाइतका अडथळा करतो. काटा नेहमीच्या जागी असतो, कारण तो द्रवाचे तापमान दाखवतो, थराआडच्या धातूचे दाखवत नाही. बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी किंवा क्षारमुक्त केलेले पाणी वापरणे, अथवा कारखान्यातच पातळ करून दिलेले तयार कूलंट घेणे, एवढाच यावर उपाय आहे. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा चालकांचा जुना तोडगा गावापर्यंत पोहोचायला उपयोगी पडतो, हे नाकारता येत नाही. पण ज्या इंजिनावर कूलंट फिल्टर आहे, तिथे ती हळद सर्वांत आधी फिल्टरमध्ये बसते आणि फिल्टर त्याच दिवशी बदलावा लागतो.

रसायन, पाणी आणि फिल्टर बिनचूक असूनही लायनर पोखरले गेले, तर कारण अनेकदा दोन साध्या भागांत सापडते. पहिला रेडिएटरची कॅप. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळते, ही कॅपची परिचित उपयुक्तता. मात्र तोच दाब लायनरभोवतीचे बुडबुडे बनण्यालाही आळा घालतो, म्हणून स्प्रिंग सैल झालेली कॅप इंजिन न तापवताही नुकसान करत राहते. दुसरा थर्मोस्टॅट. इंजिन थंड राहावे म्हणून तो काढूनच टाकण्याची सवय अनेक गॅरेजांत अजून आहे. त्याने इंजिन गारठते, पिस्टन पुरेसा फुलत नाही, लायनरमधील फट वाढते आणि आपटणे अधिक जोराचे होते. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच पोटवाट बंद करतो, तिथे काही कूलंट रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरून चढावर इंजिन उलट जास्त तापते.

१९९० च्या दशकापासून सेंद्रिय आम्लांच्या क्षारांवर आधारलेली दीर्घायुषी कूलंट आली आणि फिल्टरचे स्थान बदलले. या प्रकारात पूर्ण पृष्ठभागावर थर चढत नाही, गंज जिथे सुरू होतो तिथेच रसायन काम करते, म्हणून ते फार सावकाश खर्ची पडते. काहींत नायट्राइट थोडे ठेवलेले असते, तर ॲल्युमिनियमचे रेडिएटर आल्यावर काहींनी ते पूर्ण वगळले, कारण ॲल्युमिनियमशी नायट्राइटचे जमत नाही. अशा इंजिनावर जुन्या सवयीने रसायन भरलेला फिल्टर चढवणे ही आज सर्वांत वारंवार होणारी चूक आहे, कारण त्याने महागडे कूलंट बिघडून पुन्हा जुन्या मुदतीवर येते. तिथे एक तर कोरा फिल्टर लावायचा किंवा उत्पादकाने दिलाच नसेल तर लावायचा नाही. नायट्राइट मुळातच नसलेल्या कूलंटमध्ये नायट्राइटची पट्टी बुडवून ‘औषध संपले’ असा निष्कर्ष काढणे ही त्याचीच दुसरी बाजू. रंगावर भिस्त ठेवता येत नाही, कारण हिरवा, लाल, गुलाबी किंवा पिवळा रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. डब्यावरचे मानक, भारतात आयएस ५७५९ किंवा अवजड इंजिनांसाठीचे एएसटीएम डी ६२१०, आणि इंजिनाच्या पुस्तिकेतील नाव जुळवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. दोन प्रकार मिसळले गेलेच आणि परका कूलंट चौथ्या हिश्शाहून अधिक झाला असेल, तर सगळे काढून, यंत्रणा धुऊन नव्याने भरणे बरे.

काढलेला कूलंट गटारात किंवा गॅरेजच्या आवारात ओतला जातो, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते, त्यामुळे कुत्री ते चाटतात. शरीरात त्याचे ऑक्झॅलेट होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात आणि थोडी मात्राही जीवघेणी ठरू शकते. लहान मुलांच्या हाती लागेल अशा शीतपेयाच्या बाटलीत ते भरून ठेवणे तर पूर्णपणे टाळायला हवे. वापरलेल्या कूलंटमध्ये शिसे आणि तांबेही उतरलेले असते, म्हणून ते वेगळ्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचे असते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्येही ते मिसळायचे नसते, कारण मग ते ऑइलही पुनर्प्रक्रियेला चालत नाही.